सुलतानच्या नावाने

रैशा गाढवावर ओरडायला लागली की तीन वाड्यांपलीकडची कुत्री उठून उभी राहतात, असं वाळवंटातल्या आमच्या जानेत गावात म्हणतात. मी शेजारी राहतो, तेव्हा सांगतो, त्यात फारसं खोटं नाही. पण त्या दीड वर्षात ती जे ओरडली, त्यातलं निम्मं गाढवासाठी नव्हतंच. ते तिच्या नवऱ्यासाठी होतं. आम्हा शहाण्यांना हे कधी कळलं नाही. कळलं तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.

नवरा अखमुक. वाटाड्या. त्याचा बाप वाटाड्या, आजा वाटाड्या. वर तासिलीच्या पठारावर दगडांचं जे जंगल उभं आहे, सुळके, कमानी, गल्ल्या, भिंतींवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी रंगवलेल्या गाई, ते बघायला लोक विमानाने येतात, आणि वाटाड्याशिवाय वर कुणाला सोडत नाहीत. चाळीस वर्षं अखमुकने माणसं वर नेली आणि खाली आणली. एक नख कुणाचं मोडलं नाही. त्याच्या नावावरच लोक पाऊल टाकायचे.

रैशाला कळलं ते चहामुळे. आमच्यात चहा हातभर उंचावरून ओततात, आणि अखमुकचा हात असा की थेंब बाहेर जाईल तर शपथ. त्या दुपारी त्याने किटली उचलली, धार सोडली, आणि धार पेल्यापासून वीतभर अंतरावर, सरळ चटईवर.

"अरे, चटईला पाजतोयस की मला?" रैशा हसली.

तो ओततच राहिला. चेहरा अगदी शांत, पेला भरतोय अशा समजुतीत. रैशाचं हसू तोंडातच राहिलं. तिने हळूच पेला धारेखाली सरकवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

अखमुकने किटली खाली ठेवली. पुतण्याच्या लग्नाला म्हणून तो उत्तरेत गेला होता ना, ते लग्नबिग्न काही नव्हतं. डोळ्यांचा डॉक्टर होता. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही जाईल, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं.

"आता दिसतं किती?"

"बोरूच्या नळीतून बघितल्यावर जेवढं दिसेल तेवढं. तेही ऊन असलं तर."

आता नशिबाची थट्टा बघा. आमचा पुरुष मुंडाशाने सगळं तोंड झाकून घेतो. नाक, ओठ, हनुवटी बायकोच्या आईलाही दिसू देत नाही. उघडे राहतात ते फक्त डोळे. अखमुकचं जगाला जेवढं दिसत होतं, तेवढंच नेमकं गेलं होतं.

"मग घरी बस," रैशा म्हणाली.

"बसतो. आणि भिंतीशी बोलतो."

तिने आग्रह सोडला, कारण पठार सुटलं की माणसाचं काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा जन्म वरचाच, ताम्रितच्या सरूच्या झाडांजवळ, एका कपारीखाली. डोक्यावर छत म्हणून खडक, आणि खडकावर रंगवलेली एक गाय. तिच्याकडे बघत बघत ती झोपायची. पाचव्या वर्षी शेळ्यांमागे लागली. सेफारच्या दगडी गल्ल्यांमधून हरवलेलं करडू शोधून आणायचं तर तिनेच. मग सलग पाच वर्षं पाऊस नाही, शेळ्या मेल्या, आणि तिशीतली रैशा दोन मुली पाठीवर नि कडेवर घेऊन खाली जानेतला आली. पहिलं वर्षभर ती घरात झोपली नाही, अंगणात झोपली. विटांचं छत बघून तिला धाप लागायची. त्या वर्षी ती कुणाशी धड बोललीसुद्धा नाही. आज खरं वाटणार नाही तुम्हाला.

तर नवऱ्याची तशी गत होऊ नये म्हणून तिने ठरवलं. पाहुण्यांचा स्वयंपाक करायला आणि सामानाची गाढवं हाकायला आपणच जायचं.

"मुली गेल्या सासरी. घरात बसून माश्या मारू का?" असं तिने सगळ्यांना सांगितलं. आम्हाला पटलं. रैशा आहे, म्हटलं, तिला कोण अडवणार.

वर चढताना अखमुक पुढे, त्याच्या दोन पावलं मागे रैशा, तिच्या हातात सुलतानचा दोर. सुलतान म्हणजे गाढव. गरीब जनावर. आयुष्यात कधी वाट चुकलं नाही, पण शिव्या खाल्ल्या त्याने सगळ्या गावाच्या.

"सुलतान, मेल्या, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!" की अखमुक डावीकडे. "सुलतान, पाय उचल, पुढे दगड आहे, दिसत नाही का?" की अखमुकचा पाय वर. "थांब रे, सुलतान!" की अखमुक थांबायचा, काठी टेकवायचा आणि पाहुण्यांकडे वळून म्हणायचा, "इथे जरा दम खाऊ." पाहुणे रैशावर हसायचे, गाढवाची कीव करायचे. एकदा रागात तिच्या तोंडून "आंधळ्या" निघून गेलं. त्या संध्याकाळी अखमुकने तिच्या हातची भाकरी खाल्ली नाही. पुन्हा तिने तो शब्द कधी उच्चारला नाही.

बाकी काम त्याचे पाय आणि हात करायचे. पावलं मोजलेली होती. आणि वाटेवर दगडांच्या राशी होत्या. वाट फुटते तिथे रास, वळण आहे तिथे रास. आज्या-पणज्यांनी रचलेल्या. जाणारा प्रत्येक जण त्यावर आपला एक दगड ठेवतो आणि पुढे होतो. माणूस खोटं बोलेल, रास खोटं बोलत नाही, हे आम्हाला दुधातून पाजलेलं असतं. अखमुक राशीवर हात ठेवायचा, आपला दगड ठेवायचा आणि वळायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय ही श्रद्धा!

अशा पाच फेऱ्या निभावल्या. प्रत्येक फेरीनंतर रैशा म्हणायची, "बस झालं आता." तो म्हणायचा, "एक शेवटची." तिच्या जिवाला घोर लागलेला असायचा. वर असेपर्यंत तिला घास गिळवायचा नाही. आपण पाहुण्यांना फसवतोय, हेही तिला लख्ख कळत होतं. पण तो वर गेला की त्याची पाठ ताठ व्हायची, आवाज खुलायचा. ते बघितलं की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं.

सहावी फेरी डिसेंबरातली. अल्जियर्सहून तिघं आले होते. हाज्जा झुलिखा, हज करून आलेल्या, पूर्वी शाळेत बाई होत्या, आता घरी बसलेल्या. त्यांचा मुलगा सोफियान आणि सून नेसरीन. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, दोघं एकमेकांच्या नजरेतून हलत नव्हती. नेसरीन तर प्रत्येक दगडाजवळ उभी राहून फोटो काढायची.

"मावशी, तुम्ही सुलतानला इतकं का बोलता हो?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. "बिचारा सरळ तर चालतोय."

"बोललं नाही तर डोक्यावर बसतो," रैशा म्हणाली. पुढे अखमुकचे खांदे हसून हलले.

दुसऱ्या दिवशी सेफार गाठलं. दगडांचं शहरच ते, दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मध्ये गल्ल्या. तळ टाकला. दुपारी रैशा कुंडातून पाणी भरून आणत होती, दोन्ही हातांत डबे. लांब तिने पाहिलं तर नेसरीन एका गल्लीच्या तोंडाशी बसून दगडावर दगड चढवत होती, छान निमुळती रास करत होती, आणि सोफियान फोटो काढत होता. रैशाच्या कपाळाला आठी पडली. असं आमच्याकडे कुणी करत नाही, पोरंसोरंसुद्धा नाही. पण हात भरलेले होते. पोर आहे, खेळू दे, परत येताना पाडून टाकू, असं म्हणून ती तळावर आली. मग पीठ मळायचं होतं, निखारे वाळूत पुरून भाकरी भाजायची होती. ती रास डोक्यातून गेली ती गेलीच.

सकाळी हाज्जांचा गुडघा सुजून टम्म झाला. पाऊल टेकवेना.

"तुम्ही दोघं जाऊन या रे," त्या मुलाला म्हणाल्या. "ती मोठी रंगवलेली भिंत बघायला तर आलोय आपण. मी बसते इथे."

"एकट्या कशा बसाल?" अखमुक म्हणाला. "रैशा थांबेल तुमच्याजवळ. या दोघांना मी नेतो."

रैशाने हातातलं काम तसंच टाकलं. ती त्याला बाजूला घेऊन गेली, गाढवांच्या आडोशाला.

"तू एकटा जायचं नाहीस."

"मग काय सांगू त्यांना? बायकोशिवाय मला चालता येत नाही?"

"सांग, भिंत उद्या बघू."

"उद्या परत निघायचंय. रैशा, इथून तिसरी गल्ली. भिंतीला हात लावून जायचं, तिसऱ्या तोंडाशी रास आहे, तिथे आत. झोपेतसुद्धा जाईन मी." मग त्याचा आवाज घट्ट झाला. "आणि लांबून सुलतानच्या नावाने गळा काढू नकोस. आज सुलतान इथेच राहणार आहे. एक दिवस तरी मला माझ्या पायांनी चालू दे."

तिने तोंड उघडलं. पाहुण्यांसमोर जाऊन दोन शब्द बोलायचे होते, एवढंच. पण आमच्यात परक्यासमोर नवऱ्याचा आब उतरवणारी बाई आणि त्याचं मुंडासं ओढणारी बाई, दोघींत फरक करत नाहीत. शब्द तोंडापर्यंत आले आणि तिने गिळले. अखमुकने तळावरचा एक चपटा दगड उचलला, राशीवर ठेवायला, आणि तो निघाला. पाठ ताठ होती. तिला त्याही क्षणी तो देखणा वाटला, आणि स्वतःचाच राग आला.

तिने हाज्जांच्या गुडघ्याला गरम वाळूचं पोटीस बांधलं. चहा टाकला. हाज्जा बोलक्या, बरं वाटल्यावर फोन काढून सुनेचं कौतुक दाखवायला लागल्या.

"हे बघा, काल काय सुंदर रचलंय पोरीने. कला आहे हो तिच्या हातात."

फोटोत नेसरीन हसत होती. बाजूला कमरेएवढी रास. आणि मागे एक वाकडा सुळका, वर जाऊन दुभंगलेला. त्या सुळक्याच्या सावलीत रैशाने लहानपणी शंभरदा शेळ्या बसवल्या होत्या. ती दुसरी गल्ली होती. आत शिरलं की सरळ, सपाट, छान वाळू. आणि शेवटी जमीनच संपते. खाली घळ, दहा माणसं एकावर एक उभी केली तरी वर येणार नाहीत इतकी खोल.

भिंतीला हात लावून तो जाणार. पहिलं तोंड, रास नाही. दुसरं तोंड, रास. त्याला वाटणार, आपलीच मोजणी चुकली. राशीवर शंका घ्यायची त्याला अक्कलच नाही. आमच्या कुणालाच नाही.

किटली तशीच टाकून रैशा धावली. मागे हाज्जा काहीतरी विचारत होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई ती. गल्लीने जायला वेळ नव्हता, म्हणून लहानपणी करडांमागे ज्या भेगेतून जायची, तिच्यातूनच ती वर चढली. कोपरं सोलवटली, एक वहाण खाली पडली. खडकाच्या माथ्यावर पोचली आणि खाली बघितलं तर तिघंही होते. अखमुक पुढे, काठी टेकवत, सावकाश, झोकात. नेसरीन आणि सोफियान बरेच मागे, फोनमध्ये डोकी घातलेली. आणि अखमुकच्या पुढे वाळूची पट्टी, वीसेक पावलांची. तिच्यापुढे काही नाही.

"सुलतान!" तिच्या तोंडून सवयीने तेच निघालं. "सुलतान, थांब! थांब रे!"

अखमुकने ऐकलं. ऐकलंच. न वळता त्याने हात झटकला, माशी हाकलतात तसा, आणि पावलं उलट जोरात टाकायला लागला.

मग रैशा ओरडली. दीड वर्ष जे पोटात धरलं होतं, ते सगळं तिने बाहेर टाकलं.

"अखमुक, थांब! पुढे कडा आहे! तुला दिसत नाही, अखमुक! तुला डोळे नाहीत!"

दगडांच्या त्या गल्ल्या तुम्हाला माहीत नाहीत. तिथे खोकलं तरी तीन वेळा ऐकू येतं. तुला डोळे नाहीत, एक भिंत म्हणाली. तुला डोळे नाहीत, दुसरी म्हणाली. सेफारमध्ये त्या दिवशी ज्याला कान होते त्या प्रत्येकाला ते कळलं.

अखमुक जागच्या जागी थिजला. सोफियानने मान वर केली, आधी वर रैशाकडे बघितलं, मग पुढे, आणि तो पळत सुटला. त्याने मागून अखमुकच्या झग्याला धरून ओढलं. दोघं वाळूत पडले. अखमुकच्या काठीने उडवलेला एक खडा कड्यावरून गेला. तो खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

रैशा खाली येईपर्यंत नेसरीन हुंदके देत होती आणि सोफियान ओरडायला लागला.

"माझी बायको तुमच्या मागून चालत होती, काका! तुम्ही आंधळे आहात आणि तुमच्या मागून चालत होती ती! लाज नाही वाटली तुम्हाला? आणि तुम्हाला, मावशी?"

तो बरोबर बोलत होता. अखमुक वाळूत बसला होता. त्याने मुंडाशाचा पदर नाकावरून वर ओढला, डोळ्यांवरूनही ओढला, आणि सगळं तोंड झाकून तसाच बसून राहिला. आमच्यात मेलेल्या माणसाखेरीज असं कुणाला झाकत नाहीत. ते बघून रैशाला रडू फुटलं.

तळावर आल्यावर हाज्जांनी सगळं ऐकून घेतलं. पोरांना बाजूला पाठवलं आणि रैशाला समोर बसवलं.

"तुम्हाला किती दिवसांपासून माहीत होतं?"

"दीड वर्ष."

"आणि तरी माझी मुलं त्यांच्याबरोबर पाठवलीत."

"हो, हाज्जा."

"मला एकच मुलगा आहे." रैशाने केलेला चहा त्यांनी घेतला नाही. माफी मागायला रैशाची जीभ रेटेना. माफी पेल्यासारखी पुढे करता येत नाही, हे तिलाही समजत होतं. अखमुक दिवसभर गाढवांजवळ पाठ करून बसला. रैशाने भाकरी नेऊन ठेवली, ती तशीच राहिली.

दुसऱ्या सकाळी सामान बांधलं. हाज्जांना सुलतानवर बसवलं. अखमुक उठून उभा राहिला आणि पहिल्यांदा बोलला.

"रैशा, मला त्या राशीपाशी ने."

तिने त्याचा हात धरला, सगळ्यांदेखत. त्याने काढून घेतला नाही. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तो गुडघ्यांवर बसला आणि रास पाडायला लागला. ढकलून दिली असती तर एका दणक्यात झालं असतं. पण तो एकेक दगड उचलायचा, चाचपायचा आणि लांब टाकायचा. सगळ्यात वरचा चपटा दगड त्याने आधीच काढून मांडीशी ठेवला होता. तो त्याचा स्वतःचा, काल तळावरून नेलेला.

"कोवळे दगड आहेत हे," तो पुटपुटला. "कडा अजून धारदार आहेत, हात लागून झिजलेल्या नाहीत. हाताला कालच लागलं होतं ते. मीच म्हटलं, रास आहे म्हणजे खरीच असणार. आणि वर माझाही ठेवला. मागून येणाऱ्याला आणखी खात्री पटावी म्हणून!"

नेसरीन जवळ आली. रडून डोळे सुजले होते तिचे.

"काका, मला माहीत नव्हतं हो. मी गंमत म्हणून..."

"तू दगड रचलेस, पोरी," अखमुक म्हणाला. "खोटं आम्ही रचलं."

शेवटचा दगड फेकून तो उठला. स्वतःचा चपटा दगड त्याने झग्याच्या खिशात टाकला. खाली पोचल्यावर आपण होऊन वाटाड्याचा परवाना परत करीन, असं त्याने सोफियानला सांगितलं. सोफियानने नुसती मान हलवली, मग ती त्याला दिसली नसणार हे लक्षात येऊन "बरं" म्हणाला.

निघायची वेळ झाली आणि सगळे घोटाळले. पुढे कोण चालणार? चाळीस वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता. अखमुक काठी धरून उभा होता, मान खाली. रैशाने सुलतानचा दोर सोफियानच्या हातात दिला आणि पुढे झाली. अखमुक तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावर त्याने हात ठेवला.

दहा पावलं गेल्यावर वाटेत दगड आला. रैशा मागे वळून सवयीने ओरडली, "सुलतान, पाय..."

"रैशा," अखमुक मागून म्हणाला. "त्या जनावराला आता सोड. माझ्या नावाने हाक मार."

हाज्जा गाढवावरून बघत होत्या, पोरं बघत होती. गल्लीच्या दोन्ही भिंती ऐकायला उभ्या होत्या. तिने डोळे पुसले आणि गळा मोकळा केला.

"अखमुक, पाय उचल," ती मोठ्याने म्हणाली. "पुढे दगड आहे."

आणि अखमुकने सगळ्यांसमोर पाय उचलला.